गाईला टोचली, गोचिडाला भोवली!

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती रडून डोळे सुजवूनच. घरची दुभती गाय आजारी पडली होती. अंगात सणसणून ताप, चाऱ्याला तोंड लावीना, लघवीसुद्धा तांबडी! डॉक्टरांनी सांगितलं, "हा गोचीड ताप." वेळेवर इंजेक्शनं मिळाली म्हणून गाय वाचली. पण दूध आटलं ते आटलंच.

मधल्या सुट्टीत ती मला म्हणाली, "बाई, आम्हाला पोलिओची लस देतात. मग गाईला गोचिडाची लस का नाही देत?"

मी म्हणाले, "अगं, अशी लस खरंच आहे! पण तिची तऱ्हा निराळी आहे." तीच गंमत आज तुम्हालाही सांगते.

आधी आपला शत्रू ओळखू या. गवताच्या शेंड्यावर गोचिडाची बारीक पिल्लं वाट बघत बसतात. गाय चरायला आली की पटकन तिला चिकटतात. गाईगुरांवरचा एक नेहमीचा गोचीड साधारण तीन आठवडे त्याच जनावरावर रक्त पीत वाढतो. मादी फुगून एरंडाच्या बीएवढी होते, खाली गळून पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. आता करा हिशोब! दहा माद्या गळल्या, तर अंडी किती?

नुसतं रक्त पिऊन गोचीड थांबत नाही. चावताना तो गाईच्या रक्तात रोगाचे सूक्ष्म जीव सोडतो. गुरांचा असा ताप गोचिडांमुळे पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न या अमेरिकन संशोधकांनी १८९३ मध्ये सिद्ध केलं.

मग औषध मारावं की! लोकांनी तेच केलं. ऑस्ट्रेलियात गुरांना आर्सेनिकच्या पाण्यात बुडवून काढत. पुढे डीडीटी आलं, मग आणखी नवी औषधं आली. पण प्रत्येक वेळी काही चिवट गोचीड वाचले. त्यांची पिल्लंही तशीच चिवट निघाली आणि औषध निकामी ठरलं. शिवाय विषारी औषधांचा अंश दुधात उतरण्याची भीती असतेच.

तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. गोचीड गाईचं रक्त पितो ना? मग त्या रक्तातच त्याच्यासाठी हत्यार ठेवलं तर? हजारो गोचीड गोळा करून त्यांनी त्यांच्या आतड्यातलं एक प्रथिन शोधून काढलं. त्याचं नाव बीएम ८६. गोचीड चावला तरी हे प्रथिन त्याच्या पोटातच राहतं. त्यामुळे गाईच्या शरीराला त्याची ओळखच होत नाही. लस टोचून ती ओळख करून द्यायची!

लस टोचली की गाईच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध लढणारी प्रतिपिंडे तयार होतात. गोचीड रक्त पितो, तेव्हा तीही त्याच्या पोटात जातात आणि त्याच्या आतड्यालाच इजा करतात. आतडं फाटून रक्त अंगभर पसरतं आणि काही गोचीड लालभडक दिसू लागतात. काही मरतात. वाचलेल्या माद्या अंडी फार कमी घालतात.

म्हणजे आज लस टोचली आणि उद्या गाय स्वच्छ, असं होत नाही. ही लस मुख्यतः पुढची पिढी कमी करते. तिला सबुरी हवी!

क्युबामध्ये १९९३ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये अशा लशी बाजारात आल्या. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडल्यावर क्युबाला बाहेरून औषधं आणणं कठीण झालं होतं. तिथे लस आणि जरुरीपुरतं औषध अशी जोडी जमवली, तेव्हा औषधफवारण्या पुष्कळच कमी झाल्या.

पण लशीत उणिवाही आहेत. सगळ्या जातींच्या गोचिडांवर ती सारखी चालत नाही. आणि गोचिडाच्या चाव्यातून ते प्रथिन गाईला मिळत नसल्यामुळे शरीराला आठवण करून द्यायला लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते. ऑस्ट्रेलियातली लस तर पुढे बाजारात राहिली नाही. आपल्याकडच्या गोठ्यांतही अशी लस अजून रुळलेली नाही. उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत या विषयावर संशोधन झालं आहे.

तोवर काय करायचं? रोज संध्याकाळी गाईच्या कानामागे, कासेजवळ, शेपटीखाली बघा. गोचीड दिसले की घरच्यांना सांगा. उघड्या हातांनी ते चिरडू नका, त्यातून माणसालाही आजार होऊ शकतो. गोठ्यातल्या भेगा मोठ्यांकडून बुजवून घ्या. आणि पालकहो, औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरांनाच विचारा. अंदाजाने फवारू नका.

आमची ती मुलगी आता रोज दप्तर ठेवलं की आधी गोठ्यात जाते. परवा मला म्हणाली, "बाई, मी मोठी झाले की आपल्याकडच्या गोचिडांची लस शोधीन." मी म्हटलं, "शोध गं बाई! गावातल्या सगळ्या गाई तुझी वाट बघताहेत."