सतारमेकरांची गल्ली

नववीच्या वर्गाला आम्ही ‘माझ्या कल्पनेतील शहर’ हा निबंध दिला होता. पिंपळीच्या मुलांचे शहर म्हणजे अर्थात बारामती. बहुतेकांनी रुंद रस्ते आणि बागा लिहिल्या. एका मुलीने मात्र लिहिले की शहरात कलावंतांसाठी एक वेगळा मोहल्ला असावा. आम्ही समासात विचारले, “त्यात राहणार कोण?” वही परत दिली, पण प्रश्न आमच्याच डोक्यात राहिला.

असा मोहल्ला म्हटला की मुंबईचा काळा घोडा आठवतो. 1952 मध्ये तिथे जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. 1999 पासून दरवर्षी महोत्सव भरतो, जुन्या इमारतींची डागडुजी झाली, पदपथ सुधारले. ज्या पुतळ्यामुळे चौकाला नाव पडले तो 1965 मध्येच भायखळ्याच्या बागेत गेला होता. 2017 मध्ये स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. महोत्सवाला तोबा गर्दी होते. तरीही त्याच चौकातले ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांच्या तबकड्यांचे जुने दुकान 2016 मध्ये बंद पडले. बघायला येणारा प्रत्येक जण घ्यायला येत नाही.

आता मिरजेला चला. इथला मोहल्ला कोणी आखून वसवलेला नाही. 1850 च्या सुमारास इथल्या शिकलगार घराण्यांकडे हत्यारांना धार लावण्याचे काम कमी होत चालले होते. संस्थानात गाण्याची कदर होती, वाद्ये दुरुस्तीला यायची. फरीदसाहेबांनी ती हाती घेतली, मग नवी बनवू लागले. आडनावही पुढे ‘सतारमेकर’ झाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात स्थायिक झाले. 1937 मध्ये त्यांचा इंतकाल झाला, आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उर्साला तिथे आजही गवई हजेरी लावतात. (संगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. तो वाद आम्ही इथे उकरत नाही. आम्ही हुनर आणि रोजीबद्दल बोलतो आहोत.)

भीमा आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्याच्या कडेने पंढरपूरकडे जाते. त्या पंढरपूर–मंगळवेढा भागातून सतारीचे मोठाले भोपळे येतात. ते वाळवायचे, कापायचे, दांडी जोडायची, तबली बसवायची, नक्षी, पॉलिश, आणि सर्वांत शेवटी जवारी. घोडी घासून तार नेमकी झणकारेल असे करणे म्हणजे जवारी. हे पुस्तकातून येत नाही. बापाशेजारी बसून, कान देऊन शिकावे लागते. म्हणजे घर आणि कारखाना जवळजवळ हवेत. भुसा उडणार, पॉलिशचा वास येणार, भोपळे वाळवायला जागा लागणार. अशी गल्ली ‘सुशोभित’ करायला निघाले तर पहिल्यांदा हाच पसारा हलवतील, अशी आम्हाला धास्ती वाटते. पसारा गेला की उरेल ती पाटी.

2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता दुसरीकडचा माल मिरजेच्या नावाने विकता येणार नाही. आनंदच आहे. पण मानांकन नक्कल अडवते, गिऱ्हाईक आणून देत नाही. पोराने बापाचा पटाशी-रंधा हाती घ्यायचा की पुण्यात नोकरी धरायची, हे महिन्याच्या कमाईवर ठरते. सरकारी संगीत विद्यालयांनी, शाळांनी थेट मिरजेतून वाद्ये घेतली, दुरुस्तीला तिथेच पाठवली, तर त्या कमाईत भर पडेल. एका महोत्सवाच्या खर्चात कितीतरी तानपुरे येतील.

हे सगळे वर्गात सांगितल्यावर त्याच मुलीने विचारले, “सर, आपल्या शाळेत तानपुरा आहे का?” नाही. प्रार्थनेला आम्ही मोबाइलमधला लावतो.