शस्त्रक्रियेतील स्वयंचलित कॅमेरा-नियंत्रण

अल्पछेद शस्त्रक्रियेत शरीरातील दृश्य दाखविणारा कॅमेरा माणसाऐवजी यांत्रिक बाहूने धरणे आणि कामाच्या ओघानुसार तो आपोआप योग्य दिशेस वळविणे, या तंत्रास ही संज्ञा लावतात. अशा शस्त्रक्रियेत पोटावर मोठा छेद न घेता सु. ५ ते १२ मिमी. व्यासाच्या काही नळ्या आत घालतात व कार्बन डाय-ऑक्साइड वायूने उदरपोकळी फुगवितात. एका नळीतून उदरदर्शक, तर इतर नळ्यांतून लांब दांड्याची हत्यारे आत जातात. शस्त्रक्रियाविशारद पडद्यावरील चित्र पाहून काम करतो. त्याचे दोन्ही हात हत्यारांत गुंतलेले असल्याने उदरदर्शक साहाय्यकास धरावा लागतो. म्हणजे पाहणारा एक आणि डोळा वळविणारा दुसरा, अशी स्थिती निर्माण होते. दीर्घ शस्त्रक्रियेत साहाय्यकाचा हात थकून चित्र थरथरते, तिरपे होते किंवा भिंग ऊतकास लागून माखते. हत्याराचे टोक दृष्टिक्षेत्राबाहेर गेल्यास आतडे वा रक्तवाहिनी नकळत दुखावण्याचा धोका असतो.

इतिहास : स्वीडनमधील हान्स क्रिस्तीआन याकोबेउस यांनी १९१० मध्ये मानवी उदरपोकळीच्या अशा दर्शनाविषयी माहिती प्रसिद्ध केली. जर्मनीत एरिख म्यूए यांनी १९८५ मध्ये या पद्धतीने पित्ताशय काढले. मुंबईत तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ही शस्त्रक्रिया केली. उदरदर्शकास चित्रवाणी कॅमेरा जोडला जाऊ लागल्यावर पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला आणि कॅमेरा धरण्याचा प्रश्न सर्वत्र जाणवू लागला. अमेरिकेतील कॉम्प्यूटर मोशन या कंपनीचा ‘ईसॉप’ हा यांत्रिक बाहू १९९४ च्या सुमारास वापरात आला. प्रारंभी तो हाताने वा पायाने दाबावयाच्या कळींनी चालत असे. पुढे तो तोंडी आज्ञा पाळू लागला. ब्रिटनमधील ‘एंडोअसिस्ट’ डोक्याच्या हालचालींवरून चालत असे, तर ‘सेनहान्स’ या प्रणालीत नजरेच्या रोखाचा उपयोग करतात. ‘दा विंची’ प्रणालीत पायपट्टी दाबून शस्त्रक्रियाविशारद आपल्याच हातांनी कॅमेरा हलवितो. मात्र तेवढा वेळ हत्यारे स्थिर राहतात. या सर्व पद्धतींत आज्ञा माणसाचीच असल्याने त्या खऱ्या अर्थाने स्वयंचलित नव्हेत.

रचना व कार्य : पोटावरील छिद्र हा उदरदर्शकाचा टेकू असतो. त्यामुळे बाहेरचे टोक डावीकडे नेल्यास आतील टोक उजवीकडे जाते. दांडा दोन दिशांना कलविणे, आत-बाहेर सरकविणे आणि स्वतःभोवती फिरविणे, अशा चारच हालचाली शक्य असतात. टेकूबिंदू न ढळता, म्हणजेच पोटाच्या भित्तीवर ताण न येता, या हालचाली घडाव्यात यासाठी बाहूच्या सांध्यांची विशिष्ट रचना करतात किंवा संगणकाने तसे गणित करवितात.

स्वयंचलनासाठी संगणक चित्रातील हत्यारांची टोके ओळखतो. जर्मन संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पद्धतीत हत्यारावर रंगीत खूण करून तिचा मागोवा घेतला होता. रक्तमांसात सहसा न आढळणारा रंग निवडला की खूण वेगळी काढणे सोपे जाते. एक साधा नियम असा की, दोन हत्यारांच्या टोकांचा मध्यबिंदू चित्राच्या मध्यभागी ठेवावयाचा. टोके एकमेकांपासून दूर गेल्यास कॅमेरा मागे घ्यावयाचा व जवळ आल्यास पुढे न्यावयाचा. लहानसहान हालचालींबरोबर चित्र डोलू नये म्हणून मध्यभागी एक उदासीन क्षेत्र ठेवतात. टोक त्याबाहेर गेल्यावरच बाहू हलतो. अलीकडे असंख्य ध्वनिचित्रफितींवरून संगणकास शिकवून, खुणेवाचूनही हत्यारे ओळखता येतात.

मर्यादा व सुरक्षा : हत्यार जेथे आहे तेथेच पाहणे नेहमी इष्ट असते असे नाही. टाके घालताना सुई, रक्तस्राव होताना त्याचा उगम, तर नवे हत्यार आत येताना त्याचा मार्ग दिसणे आवश्यक असते. अनुभवी साहाय्यक हे न सांगता जाणतो. संगणकास मात्र शस्त्रक्रियेचा टप्पा ओळखावा लागतो. धूर, रक्त आणि भिंगावरील बाष्प यांमुळे ओळखीत चूक होऊ शकते. म्हणून बाहूचा वेग, बल व आत शिरण्याची खोली यांवर मर्यादा घालतात आणि तो तत्काळ थांबविण्याची सोय ठेवतात.

जेथे प्रशिक्षित साहाय्यक दुर्मिळ आहेत, तेथे हे तंत्र उपयुक्त ठरू शकते. यांत्रिक बाहू ऊतक कापत नसल्याने शस्त्रक्रियेतील स्वयंचलनाची ही तुलनेने सुरक्षित पायरी मानली जाते. तथापि कॅमेरा काय दाखवितो यावर छेद कोठे घ्यावयाचा हे ठरते; त्यामुळे दृश्य निवडणे हादेखील शस्त्रक्रियेचाच भाग होय व त्याची अंतिम जबाबदारी शस्त्रक्रियाविशारदावरच राहते.