दृष्टीचा वारसा

महोत्सवाचे वर्ष आले की संस्थेत हिशेब मांडला जातो. देणग्या किती जमल्या, किती विद्यार्थ्यांस साहाय्य झाले, इमारत कोठवर आली, याची नोंद होते. ती व्हावयासच हवी. परंतु ज्याच्यापाशी देण्याजोगे धन नाही, त्याने समाजासाठी मागे काय ठेवावे, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. त्याचे एक उत्तर आपल्या देशपांडे नगरातच सापडते.

याच नगरात 'गंगालहरी' या घरी गंगूबाई हनगल राहत असत. धारवाडास 1913 साली जन्मलेल्या या मुलीने 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींच्या समोर स्वागतगीत म्हटले. पुढे सवाई गंधर्वांची तालीम मिळावी म्हणून त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास जात. घरची गरिबी, जातीवरून होणारी अवहेलना आणि बदललेला आवाज, या सर्वांवर त्यांनी मात केली. पद्मविभूषणापर्यंतचे सन्मान त्यांस मिळाले. 21 जुलै 2009 रोजी वयाच्या 97 व्या वर्षी हुबळीतच त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे नेत्रदान करण्यात आले. त्यांचे गाणे आपणांपैकी कोणास साधणार नाही. त्यांचे हे शेवटचे दान मात्र प्रत्येकास साधण्यासारखे आहे.

नेत्रदान म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ. बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्यास डॉक्टर कॉर्निया म्हणतात. शेतात काडी लागून, जंतूंचा संसर्ग होऊन किंवा अ जीवनसत्त्वाच्या अभावी तो पांढरा पडतो. यालाच आपण डोळ्यांत फूल पडले असे म्हणतो. आतला डोळा शाबूत असतो, पण प्रकाशच आत शिरत नाही. असा पडदा काढून तेथे मृताचा स्वच्छ पडदा बसविता येतो. 1905 साली एदुआर्द त्सिर्म या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. मोतीबिंदू किंवा डोळ्याची नस सुकणे यांवर मात्र हा उपाय नव्हे.

एका व्यक्तीच्या दोन डोळ्यांनी दोघांस दृष्टी मिळू शकते. आता पडद्याचे थर वेगळे करण्याची सोय झाल्याने याहून अधिकांसही मिळते. 2021 साली नट पुनीत राजकुमार यांच्या नेत्रदानाने चौघांस दृष्टी मिळाली.

घरी करावयाचे काम थोडे आहे, पण वेळेवर व्हावयास हवे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढले पाहिजेत. म्हणून नेत्रपेढीस ताबडतोब कळवावे. मृताच्या पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी व पंखा बंद करावा. पेढीची माणसे घरी येतात. काम अर्ध्या तासाच्या आत उरकते. चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीस विलंब लागत नाही. वयाची आडकाठी नाही. चष्मा असला, मोतीबिंदू काढलेला असला, मधुमेह असला तरी चालते. एड्स, कावीळ, अलर्क यांसारख्या रोगांत मात्र नेत्र घेत नाहीत. जे नेत्र रोपणास योग्य ठरत नाहीत, ते शिक्षणास व संशोधनास उपयोगी पडतात.

खरी अडचण पुढेच आहे. अर्जावर सही करणारे बरेच असतात. पण सही करणारा त्या वेळी बोलू शकत नाही. संमती द्यावयाची असते ती घरच्यांनी, तीही शोकाच्या घडीस. आधी कधी विषयच निघालेला नसेल, तर मुलगा म्हणतो, "आईला आवडले असते की नाही, कोण जाणे!" तेवढ्यात सहा तास निघून जातात आणि दान तिजोरीतल्या कागदावरच राहते. पुढच्या जन्मी अंधत्व येईल, ही भीतीही मनातून काढून टाकावी. शरीर अग्नीला किंवा मातीला देताना आपण असा हिशेब कधी करीत नाही.

म्हणून सभासद बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच. या महोत्सवाच्या निमित्ताने एका संध्याकाळी, जेवणे झाल्यावर, घरातील सर्वांस एकत्र बसवून आपली इच्छा उघड बोलून दाखवावी. वडीलधाऱ्यांनी प्रथम बोलावे, म्हणजे मुलांचा संकोच जाईल. जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक दूरध्वनीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावा. शेजारी दुःखद प्रसंग घडला, तर हलक्या शब्दांत आठवण करून द्यावी. पण आग्रह धरू नये.

जन्मभर सेवा करणे सर्वांच्या हाती नसते. पण आपण गेल्यावर एखाद्या लेकराने आपल्या आईचा चेहरा प्रथम पाहावा, एवढी सोय करून ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.