उशिरा कळले, तरी वेळ गेलेली नाही

डोहाळजेवणाचा दिवस ठरलेला असतो. हिरवी साडी आणून झालेली असते, पाहुण्यांना फोन गेलेले असतात. आणि त्याच आठवड्यात तपासणीचा अहवाल हातात पडतो. ग्लुकोजचे पाणी प्यायल्यानंतर दोन तासांनी रक्तातील साखर १६८. सातवा महिना संपत आलेला. ‘तिसऱ्या महिन्यात तर सगळे ठीक होते, मग आता हे कुठून आले? इतके दिवस बाळाला किती त्रास झाला असेल?’ गरोदरपणातील मधुमेहाचे निदान उशिरा झालेल्या बहुतेक जणींच्या मनात आधी हेच येते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वारेत आहे. बाळाचे पोषण करणारी वार जशी वाढते तशी तिच्यातून निघणारी संप्रेरके आईच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. साधारण २४व्या आठवड्यानंतर हा विरोध वाढतो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ही गरज भागवते, काहींचे कमी पडते. म्हणजे तिसऱ्या महिन्यातील अहवाल चुकीचा असेलच असे नाही, आजार नंतर सुरू झालेला असू शकतो. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन तपासण्या सांगितल्या आहेत. पहिली नावनोंदणीच्या वेळी आणि दुसरी २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १४० किंवा अधिक आली, तर गरोदरपणातील मधुमेह समजला जातो. त्यासाठी उपाशीपोटी जाण्याचीही गरज नसते.

दुसरी तपासणी का चुकते?

डोंबिवली किंवा कल्याणहून मुंबईत नोकरीला जाणारी स्त्री दिवसाचे बारा तास घराबाहेर असते. दवाखान्यात दोन तास थांबायचे म्हणजे अर्धी रजा, आणि रजा तर बाळंतपणासाठी साठवायची असते. दुसरे कारण आपल्या प्रथेत आहे. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी जायचे. नेमक्या तपासणीच्या दिवसांत डॉक्टर बदलतात. ठाण्याची फाइल ठाण्यात राहते आणि साताऱ्याच्या किंवा जळगावच्या डॉक्टरांना वाटते, तपासणी आधीच झाली असेल. २८ आठवडे उलटून गेले असले तरी ही तपासणी करता येते आणि करावीच.

उपचाराचा उपयोग होतो का?

होतो, आणि त्याला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ ते ३४ आठवड्यांच्या हजार गर्भवती होत्या. निम्म्यांना आहाराचा सल्ला, साखरेची नियमित तपासणी आणि गरजेनुसार इन्सुलिन दिले, उरलेल्यांची नेहमीची देखभाल केली. बाळाचा मृत्यू, प्रसूतीत खांदा अडकणे, हाड मोडणे किंवा नसेला इजा अशा गंभीर गुंतागुंतींचे प्रमाण दुसऱ्या गटात ४ टक्के होते, उपचार घेतलेल्यांत १ टक्का. याचे कारण समजून घेतले तर उरलेल्या आठवड्यांचे मोल कळते. आईची साखर वारेतून बाळापर्यंत जाते, तिचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन जास्त बनवते आणि त्याच्या अंगावर चरबी साठते. ही चरबी सर्वाधिक वाढते ती शेवटच्या महिन्यांतच. त्यामुळे तिसाव्या आठवड्यात साखर ताब्यात आली, तरी बाळाला त्याचा फायदा मिळतो.

पहिले दोन आठवडे

उपचाराची सुरुवात ताटापासून होते. उपास करायचा नाही, जेवण टाळायचे नाही. तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, अशी विभागणी करायची. सहाच्या घाईत चहा-बिस्किटे आणि नंतर स्टेशनवरचा वडापाव, यापेक्षा मुगाचे धिरडे, अंडे किंवा मटकीची उसळ बरी. पोळीभाजी केंद्रातून डबा येत असेल तर बटाट्याऐवजी पालेभाजी आणि जोडीला डाळ किंवा उसळ मागावी. ज्वारीची भाकरीही मोजूनच खावी, तिच्यातही पिष्ट असतेच. फळांचा रस नको, फळ खावे. डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नसेल, तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. ‘दोन जिवांचे खा’ म्हणणाऱ्या घरच्यांनाही एकदा सोबत दवाखान्यात न्यावे. डोहाळजेवण रद्द करायचे कारण नाही, ओटी भरून घ्यावी आणि गोडाचा एक घास घ्यावा.

घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी साखर ९५च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या आत हवी. दोन आठवड्यांत हे जमले नाही, तर औषध लागते. दिवस भरत आले असतील तर डॉक्टर त्याआधीही ते सुरू करू शकतात. इन्सुलिन लागले म्हणजे आईचे काही चुकले असे नाही आणि ते जन्मभराचेही नसते. बहुतेकींचे ते बाळंतपणानंतर थांबते. इन्सुलिन घेऊन लोकलने प्रवास करणाऱ्यांनी पर्समध्ये ग्लुकोज पावडर आणि पाण्याची बाटली ठेवावी. घाम फुटला, हात थरथरले, साखर ७०च्या खाली गेली, तर तीन चमचे पावडर पाण्यातून लगेच घ्यावी. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

बाळंतपण अशा ठिकाणी व्हावे जिथे जन्मानंतर बाळाची साखर तपासता येते. जन्मल्यावर वारेतून येणारी साखर थांबते, बाळाचे इन्सुलिन मात्र काही काळ जास्तच राहते. म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजणे महत्त्वाचे.

सर्वाधिक विसरली जाणारी तपासणी यानंतरची आहे. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. त्यामुळे सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची तपासणी आणि नंतर दरवर्षी एकदा. तारीख लक्षात ठेवणे सोपे आहे. सव्वा महिना उलटला की बाळाच्या दीड महिन्याच्या लशीसाठी घराबाहेर पडावेच लागते. त्याच दिवशी आईनेही रक्त तपासून घ्यावे.