मिरवणुकींत उतरलेला परदेशी शिक्षक



शिक्षक परदेशीं नोकरीस गेला म्हणजे त्याला एकाच ठिकाणीं दोन गांवें भेटतात. एक शाळेच्या कुंपणाच्या आंतलें. तेथें घंटा, फळा आणि वेळापत्रक हें सारें त्याच्या ओळखीचें असतें. दुसरें कुंपणाबाहेरचें, तेथें तो केवळ पाहुणा. हें दुसरें गांव वर्षांतून एखादे दिवशीं मिरवणूक होऊन रस्त्यावर येतें, आणि मग पाहुण्यापुढें प्रश्न उभा राहतो : कडेला थांबून पाहावें, कीं रांगेंत शिरावें? या प्रश्नाचा विचार आज आपण एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारें करूं.

उदाहरण जपानचें आहे. परदेशी पदवीधरांना बोलावण्याची 'जेट' नांवाची योजना त्या देशानें १९८७ सालीं सुरू केली. तिच्यांतून येणारे बहुतेक तरुण सार्वजनिक शाळांत जपानी शिक्षकाच्या जोडीनें इंग्रजी शिकवितात. करार एका वर्षाचा असतो. तो वाढवीत जास्तींत जास्त पांच वर्षें राहतां येतें. नेमणूक पुष्कळदां टोकियोसारख्या महानगरांत न होतां लहान शहरांत किंवा खेड्यांत होते. तेथें शाळा सुटल्यावर शिक्षक काय करतो, हें सगळ्या गांवाला दिसतें.

शिकोकू बेटावर तोकुशिमा नांवाचें शहर आहे. त्या प्रांताचें जुनें नांव अवा. तेथें दरवर्षीं ऑगस्टच्या मध्यावर 'अवा ओदोरी', म्हणजे अवा प्रांताचें नृत्य, या नांवाचा उत्सव भरतो. हे दिवस 'बोन'चे. पूर्वजांचे आत्मे या काळांत घरीं येतात अशी श्रद्धा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हाचिसुका इएमासा या सरदाराचा किल्ला पुरा झाला, तेव्हां प्रजा आनंदानें नाचली व त्यांतून हा उत्सव निघाला, अशी एक आख्यायिका सांगतात. पुढें या प्रांतांत निळीचा व्यापार भरभराटला आणि व्यापाऱ्यांच्या पैशानें उत्सवाला रंग चढला. अलीकडच्या काळांत अडीच लाख वस्तीच्या या शहरांत उत्सवासाठीं दहा लाखांहून अधिक लोक लोटल्याचीं वर्षें झालीं आहेत.

नाचणाऱ्यांच्या पथकाला 'रेन' म्हणतात. पुढें पथकाचें नांव लिहिलेले उंच कंदील, मागून नर्तक, आणि सर्वांच्या मागें वादक, असा क्रम असतो. शामिसेन हें तंतुवाद्य, बांसरी, ढोल आणि कांशाची लहान घंटा हीं मुख्य वाद्यें. घंटेवाला ताल धरतो आणि बाकीचे त्याच्या मागोमाग जातात. पुरुष गुडघे वांकवून, खालीं बसल्यासारखे होऊन नाचतात. स्त्रिया मात्र ताठ उभ्या, हात उंच धरलेल्या, गवताच्या दुमडलेल्या टोप्या घालून, लांकडी पादत्राणांच्या पुढच्या टोंकावर चालतात.

ताल दोन मात्रांचा आहे. ऐकावयास अगदीं सोपा. अडचण निराळीच आहे. आपण शाळेंत कवायत शिकलों, तींत उजव्या पायाबरोबर डावा हात पुढें जातो. येथें उजव्या पायाबरोबर उजवाच हात, आणि डाव्याबरोबर डावा. वर्षानुवर्षें एका पद्धतीनें चाललेलें शरीर हें सहजासहजीं मानीत नाहीं. येथें पदवी उपयोगीं पडत नाहीं. त्या शहरांतील पुष्कळ मुलें हीं पावलें लहानपणींच शिकलेलीं असतात. सोमवारीं ज्यांचे उच्चार शिक्षकानें सुधारले, तींच मुलें शनिवारीं त्याचा हात धरून त्याचें पाऊल सुधारतात. शिक्षकाला न येणारी गोष्ट तो आपल्यासमोर धडपडून शिकतो आहे हें मुलानें एकदां पाहिलें, म्हणजे वर्गांत चुकण्याची त्याची भीति निम्मी होते. मिरवणुकींत उतरण्याचा मोठा लाभ मला हाच वाटतो.

आंत शिरण्याचीं दारें दोन आहेत. नांवाजलेल्या पथकांत प्रवेश मिळवावयाचा तर महिनोन्‌महिने सराव करावा लागतो. परंतु नवख्यांसाठीं 'निवाका-रेन' म्हणून आयत्या वेळचें पथक असतें. ठरल्या जागीं जावें, जाणत्या नर्तकांकडून थोडा वेळ धडे घ्यावे, आणि त्यांच्याच मागोमाग रस्त्यावर उतरावें. परक्याला सामावून घेण्याची सोय उत्सवानेंच करून ठेविली आहे, ही त्यांतली मार्मिक गोष्ट.

पण या दारानें आंत आलेल्यानें एक भान राखिलें पाहिजे. त्याला एका संध्याकाळचा आनंद मिळतो. त्या लोकांचें वर्षभराचें कष्ट आणि खर्च त्यामागें असतात. २०१८ सालीं हें उघड दिसलें. उत्सवाच्या हिशेबांत कित्येक कोटी येनांची तूट साचली होती. सर्व मोठीं पथकें एकत्र नाचतात तो शेवटचा समूहनाच एकाच प्रेक्षागारांत गर्दी ओढतो व बाकीचीं ओस पडतात, असें सांगून चालकांनीं तो रद्द केला. नर्तकांच्या संघानें ही बंदी मानली नाहीं. त्यांनीं प्रेक्षागाराबाहेर, भर रस्त्यावर, तो नाच केलाच. २०२० सालीं साथीमुळें उत्सव झाला नाहीं. उत्सव कोणाचा, हिशेब ठेवणाऱ्यांचा कीं नाचणाऱ्यांचा, हा वाद त्या गांवाचा स्वतःचा होता. पाहुण्या शिक्षकानें अशा वेळीं दोन्ही बाजू ऐकाव्या, भाषेचे नवे शब्द शिकावे, आणि निवाडा मात्र करूं नये.

तेव्हां परदेशीं शिकवावयास जाणाऱ्या तरुण मित्रांना चार गोष्टी सुचवितों. बोलावणें आलें तर लाजून नाकारूं नये. पोशाख पथक देईल तोच, ते सांगतील तसाच घालावा. छायाचित्रें काढण्यासाठीं रांग मोडूं नये. आणि नाच संपला कीं लगेच पाठ फिरवूं नये. कंदील उतरविण्यास व रस्ता झाडण्यास हात लावावा. त्या कामाला ताल लागत नाहीं, आणि तें पहिल्याच वर्षीं नीट करतां येतें.