घळ उतरण्याची विद्या

भिसेगावच्या कोणत्याही गच्चीवरून पूर्वेकडे पाहिले म्हणजे सह्याद्रीची भिंत दिसते, आणि पावसाळ्यात तिच्यावर पांढऱ्या रेघा ओढाव्यात तसे धबधबे दिसतात. त्या रेघा आपण लांबून मोजतो. परंतु प्रत्येक रेघ ज्या चिरेतून खाली येते तिच्या आत काय असते, हे गुराख्यांनी आणि वाडीवरच्या ठाकर-कातकरी मंडळींनी पाहिलेले. गावातल्या आपल्यासारख्यांनी क्वचितच. पाण्याने कातळात कोरलेल्या या अरुंद आणि खोल वाटेला आपण घळ म्हणतो. तिच्यात वरून शिरायचे, दोराने कडे उतरायचे, मधले डोह पोहून पार करायचे आणि पाण्याच्याच वाटेने तळाशी यायचे, हा एक साहसाचा खेळ आहे. युरोपात त्याला कॅनियनिंग म्हणतात, अमेरिकेत कॅनियनिअरिंग. आम्ही या लेखापुरते 'घळ उतरणे' असेच म्हणू.

हे परदेशी खूळ आहे, असे म्हणून काही जण हसतील. फ्रान्समध्ये एदुआर मार्तेल नावाच्या संशोधकाने १९०५ साली व्हेर्दों नदीची प्रचंड घळ धुंडाळली, आणि या खेळाचा इतिहास सांगणारे बहुधा तेथून सुरुवात करतात. पण त्याच्या अर्धशतक आधी, १८५६ ते १८६३ या काळात, आपल्याच बोरघाटात रेल्वेची चढण बांधली जात होती. पंधरा मैलांत १,८३१ फूट चढणारी, पंचवीस बोगद्यांची ती वाट. तिच्यासाठी कड्यावरून दोराने लोंबकळत कातळाला सुरुंगाची भोके पाडणारी माणसे होती. त्यांची नावे कोणत्या पाटीवर आम्हांला आढळली नाहीत. दोर, कडा आणि जीव यांचा संबंध या मुलखाला नवा नाही, एवढेच आमचे म्हणणे. फरक इतकाच की त्यांच्या कमरेच्या दोराची गाठ दुसऱ्या कोणी तपासली की नाही, हे विचारण्याची सोय त्यांना नव्हती.

युनियनच्या कामात केस पिकवलेल्या माणसांनी या विषयात का पडावे? कारखान्यातल्या सुरक्षिततेसाठी भांडता भांडता आमच्या एक गोष्ट ध्यानात आली होती की अपघात बहुधा यंत्रामुळे होत नाही. 'थांबा' म्हणण्याची कोणाची छाती होत नाही म्हणून होतो. पन्नाशी उलटल्यावर आम्ही परिसरातल्या डोंगरवेड्या तरुणांबरोबर दोराचे धडे घ्यायला गेलो, तेव्हा तीच गोष्ट तेथे दुसऱ्या रूपात भेटली.

आधी दगडाविषयी थोडे. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. कठीण थर आणि मऊ थर एकाआड एक असल्यामुळे पाणी एकाच उडीत खाली येत नाही. ते पायरीपायरीने पडते, आणि पुष्कळदा पायरीच्या बुडाशी डोह असतो. एखाद्या घळीत अशा पाच-दहा पायऱ्याही निघतात. पहिली उतरली, दोर खाली ओढून घेतला की मागे फिरण्याची वाट बंद होते. पुढचे सगळे कडे उतरल्याखेरीज सुटका नाही. डोंगर चढणारा दमला तर परत फिरतो. घळ उतरणाऱ्याला ती मुभा नाही. म्हणून दोर ओढण्याच्या क्षणाला या खेळात फार मान आहे. ओढण्यापूर्वी प्रमुख प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहतो. कोणी थंडीने कुडकुडत असेल, कोणाचा पाय मुरगळला असेल, तर निर्णय तेथेच करायचा. घळीच्या कडेने बाहेर पडायच्या जागा कोठे कोठे आहेत हे आदल्या दिवशीच नकाशावर आणि गावच्या माणसाला विचारून ठरवलेले असते.

आता पाण्याविषयी, आणि येथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत. स्वित्झर्लंडमध्ये झाक्सेटनबाख नावाचा एक ओढा आहे. २७ जुलै १९९९ रोजी त्याच्या घळीत पर्यटकांचे जथे उतरले असताना वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला आणि लोंढा आला. एकवीस माणसे गेली. त्यांत अठरा पर्यटक आणि तीन वाटाडे. सामान होते, वाटाडे होते, दोर होते. नव्हता तो आभाळाकडे पाहून माघार घेण्याचा निर्णय. पुढे खटला झाला आणि सहल नेणाऱ्या कंपनीच्या सहा जणांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवण्यात आले.

आपल्याकडे तर घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खाली कर्जतकरांना दिसतही नाही आणि उल्हास मात्र फुगलेली असते. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. एवढी रुंद नदी जर असे करते, तर दहा हात रुंदीच्या घळीत काय होईल याची कल्पना करावी. म्हणून जाणती मंडळी भर पावसाळ्यात घळीत उतरत नाहीत. पाऊस ओसरून ओढे निवळले म्हणजे त्यांचा हंगाम सुरू होतो. तेव्हाही वरच्या अंगाला बंधारा आहे काय, ढग कोठे जमले आहेत, हे पाहिले जाते. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, की चर्चा करायची नाही. खाली पळायचे नाही. बाजूने वर चढायचे, मिळेल तेवढे उंच.

डोहात उडी मारण्याचा मोह सर्वांना होतो. गेल्या वर्षी येथेच उडी मारली होती, हे कारण चालत नाही. एका पावसाळ्यात पाणी म्हशीएवढा धोंडा डोहात आणून टाकते. पहिला माणूस दोराने उतरतो, तळ चाचपतो, मगच बाकीच्यांना परवानगी. धबधब्याच्या अगदी बुडाशी पाणी उलटे फिरते आणि माणसाला पुन्हापुन्हा आत खेचते; तेथून वर येण्याची धडपड करण्यापेक्षा खालून किंवा बाजूने निसटावे असे शिकवतात. बुडणाऱ्याच्या मागे उडी टाकायची नाही, ही शिस्तही शिकवतात. कारखान्यात टाकी साफ करताना एक बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. कामगारांना ही माळ ठाऊक आहे. काठावरून दोराची पिशवी फेकणे हे उडी टाकण्यापेक्षा कमी शौर्याचे दिसते खरे.

कोरड्या कड्यावरची दोरविद्या आणि पाण्यातली दोरविद्या एक नव्हे, हे पुष्कळ रविवारच्या वीरांना माहीत नसते. कोरड्या कड्यावर उतरताना हात सुटला तर आपोआप आवळणारी जादा गाठ दोरावर मारतात. ती जीव वाचवते. तीच गाठ धबधब्याच्या धारेखाली आवळली तर माणूस पाण्याखाली जागच्या जागी अडकतो, आणि लटकलेल्या स्थितीत बुडतो. म्हणून पाण्यात ती टाळतात. त्याऐवजी वरचा दोर असा बांधतात की खालचा अडकला तर वरच्याला तो ढिला सोडून त्याला खाली घेता यावे. दोराची लांबीही मोजून सोडायची. टोक डोहाच्या पाण्याला जेमतेम टेकावे. जास्त सोडला तर त्याचे वेटोळे पोहणाऱ्याच्या पायात पडते.

हे सर्व एका दिवसात येत नाही. आम्ही ज्यांच्याबरोबर शिकलो त्यांनी पहिले काही रविवार पाण्याचे तोंडही दाखवले नाही. पुरुषभर उंचीच्या कातळावर गाठी, हार्नेस घालणे, दोर टाकणे. आमच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान मुलगी आम्हांला, "काका, कॅराबिनरचं तोंड उघडं आहे," असे निक्षून सांगत होती, आणि ते बंद केल्याशिवाय तिने आम्हांला हलू दिले नाही. तेथे नियमच असा की प्रत्येकाचे हार्नेस दुसऱ्याने तपासायचे, प्रमुखाचेसुद्धा. आणि जथ्यातला सर्वांत नवखा जरी 'थांबा' म्हणाला तरी सर्वांनी थांबायचे. कारण नंतर विचारायचे. धबधब्याच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांब. लांबच लांब शिट्टी म्हणजे संकट. बाकीच्या खुणा मंडळागणिक बदलतात, त्या वर असतानाच सर्वांनी एकदा म्हणून दाखवायच्या.

खोपोलीचे यशवंती हायकर्स, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र अशा मंडळांची माणसे पदरमोड करून दरीत अडकलेल्यांना काढायला जातात. जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा यंत्रे वर जाऊ शकत नव्हती. पायवाटेने चढू शकणारी माणसेच कामाला आली. ही विद्या केवळ मौजेची नाही ती अशी.

आणि एक गोष्ट, जी आमच्या धंद्याची आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यावर पैसे घेऊन दोराने उतरवण्याच्या सहली निघतात. त्यांत दोर धरणारा पुष्कळदा वाडीवरचा रोजंदारीचा पोरगा असतो. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण केले आहे. तेव्हा पैसे देण्यापूर्वी विचारावे: नोंदणी आहे काय? तुमचा विमा आहे, तसा या दोर धरणाऱ्याचाही आहे काय? त्याला बचावाचे शिक्षण कोणी दिले? आभाळ भरले म्हणून त्याने सहल रद्द केली तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर त्याने 'थांबा' म्हणावे अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

याखेरीज दोराची वही मागावी. चांगल्या मंडळात प्रत्येक दोराची वही असते: केव्हा घेतला, किती वेळा वापरला, कोठे घासला, कोणी हाताने चाचपून पाहिला. आमच्या मंडळाच्या वहीत एका दोरापुढे लाल शाईने 'बाद' असे लिहिले आहे. त्याचे तुकडे करून ते गाठी शिकवायला ठेवले आहेत, म्हणजे चुकूनही कोणी तो कड्यावर नेणार नाही.