ऐरावताचें कूळ

दिवाळीच्या सुटींत आमचीं नातवंडें अहमदनगरास, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास, जाऊन तेथील रणगाड्यांचें संग्रहालय पाहून आलीं. कान्ह्यास परततांच धाकट्यानें ओसरीवरूनच विचारलें, "आजोबा, आपले रणगाडे कोणाकोणाशीं लढले?" घरांतील वडील मंडळींपैकीं एकासही नीट उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां आम्हीं जी हकीकत जुळविली, ती इतर कुटुंबांसही रुचेल असें वाटतें.

आपल्या पूर्वजांनीं सेना चतुरंग मानिली: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. इंग्रजी अमदानींत १९४० सालीं हिंदुस्थानची पहिली चिलखती डिव्हिजन उभारली गेली. तींत गोऱ्या व हिंदी, दोन्ही पलटणी होत्या. घोडदळानें घोडे सोडून यंत्ररथ पत्करले. खूण मात्र हत्तीची राहिली व पुढें 'ऐरावत' हें नांवही तिच्याशीं जोडलें गेलें. महायुद्धांत तिला एकतिसावी असा क्रमांक मिळाला.

परंतु नांवानें अंगावर चिलखत चढत नाहीं. मूळ तिच्यासाठींच योजिलेली तिसरी मोटर ब्रिगेड १९४१ च्या आरंभीं आफ्रिकेंत गेली, तेव्हां तिच्यापाशीं एकही रणगाडा नव्हता. मालमोटारी आणि रायफली, एवढेंच बळ. एप्रिलांत लिबियांतील मेकिली येथें रोमेलच्या फौजेनें तिला वेढलें व पुष्कळ शिपाई कैद झाले. २७ मे १९४२ रोजीं बीर हकीमजवळ इटालियन रणगाड्यांनीं तिची पुनः धूळधाण केली. उरलेली डिव्हिजन इराक, इराण, सीरिया अशी फिरली. पण एकसंध सैन्य म्हणून तिला एकही लढाई लढावयास मिळाली नाहीं.

स्वातंत्र्यानंतर, पुनः 'पहिली' झालेली ही डिव्हिजन भारताकडे आली. मावळांतील घाटवाटा रणगाड्यास काय कामाच्या? सोलापूरपलीकडील पठार मात्र त्यास मानवणारें. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालीं ती तेथूनच निजामाच्या हद्दींत शिरली. नळदुर्गास बोरी नदीवरील पूल शाबूत हातीं आला. पांचव्या दिवशीं, १७ तारखेस, निजामानें माघार घेतली व मराठवाडा मुक्त झाला.

निजामाच्या पदरीं अर्देशीर तारापोर नांवाचे एक पारशी अधिकारी होते. जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची. संस्थान विलीन झाल्यावर ते पूना हॉर्स या रेजिमेंटींत आले. १९६५ च्या युद्धांत ही डिव्हिजन सियालकोट आघाडीवर लढली, तेव्हां लेफ्टनंट कर्नल तारापोर तींतील पूना हॉर्सचे नायक होते. फिलोऱ्याच्या लढाईंत ते जखमी झाले, तरी मागें जाण्यास त्यांनीं नकार दिला. १६ सप्टेंबरास त्यांनीं रणांगणीं देह ठेविला. त्यांच्या रेजिमेंटनें सुमारें ६० रणगाडे निकामी केले, स्वतःचे ९ गमाविले, असें परमवीरचक्राच्या सन्मानपत्रांत नमूद आहे. चविंडा मात्र घेतां आलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

हें ऐकून धाकटा म्हणाला, "म्हणजे ते आधीं शत्रूकडचे होते?" आम्हीं त्यास सांगितलें, "बाळ, त्यांची पूना हॉर्सही १८१७ च्या तहान्वयें पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाच्या उत्पन्नावर उभी राहिली आणि वर्ष उलटण्यापूर्वींच कोरेगांवास त्यांच्याविरुद्ध लढली. हा ऐरावतही परक्यांनींच पाळलेला. परक्या घरांतून आलेली सून प्रसंगीं तेंच घर सांवरते, तेव्हां तिचें माहेर कोणी विचारतो काय?"

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, असें म्हणतात. त्यांत वीराचीही भर घालावी, असें आम्हांस वाटतें.